गॅलरीतला तक्ता

रोबोटिक्सच्या स्पर्धेत सगळ्यांचे डोळे मधल्या चौकोनाकडे लागलेले असतात. बारा फूट लांब, बारा फूट रुंद असं मैदान, त्यात घरघरत फिरणारे चार रोबो, कडेला कंट्रोलर धरून घामाघूम झालेली मुलं आणि गॅलरीत एकच गलका. या गर्दीत तो कुणाला दिसत नाही. वरच्या कुठल्या तरी पायरीवर, परीक्षेच्या पॅडच्या चिमट्यात अडकून, एखाद्या मुलीच्या मांडीवर तो पडलेला असतो. लग्नघरात सगळे नवरानवरीकडे पाहत असताना एखादा मामा आहेराची वही घेऊन कोपऱ्यात बसलेला असतो, तसा.

त्याला स्काउटिंगचा, म्हणजे रोबोंचा खेळ हेरून टिपण्याचा, तक्ता म्हणतात. दिसायला अगदी साधा. ए-फोर कागदाचा अर्धा तुकडा, वर तीन छोट्या चौकटी: सामना क्रमांक, संघ क्रमांक, लाल की निळा. खाली पाच-सहा ओळी, त्यांत ताळ्याच्या खुणा करायला मोकळी जागा. तळाशी एक रिकामी ओळ. पॅडला सुतळीने बांधलेली पेन्सिल हा त्याचा एकुलता एक दागिना. पेन नको, पेन्सिलच हवी. गडबडीत चुकलेली रेघ खोडता आली पाहिजे. आमच्या चंद्रपुरात छापला तर त्याचं कूळही घरचंच निघण्याची शक्यता आहे, कारण बल्लारपूरची गिरणी छपाईचा कागद बनवते आणि गडचिरोलीच्या जंगलातला बांबू पिढ्यान्‌पिढ्या तिथे जात आला आहे.

त्याचं काम कळायला खेळाचा एक नियम समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि १९९२मध्ये शाळकरी मुलांच्या रोबोंची पहिली स्पर्धा भरवली. त्या कुटुंबातली ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ ही स्पर्धा आज भारतातही होते. तिच्यात एक संघ एकटा लढत नाही. दोन संघांची एक आघाडी, समोर दुसऱ्या दोन संघांची; एक लाल, एक निळी. सुरुवातीच्या फेऱ्यांत जोडीदार कोण हे संगणक ठरवतो. सकाळी जो तुमच्या बाजूने खेळला तोच दुपारी समोर उभा असतो. सामना अडीच मिनिटांचा. पहिले तीस सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो, मुलांनी हात लावायचा नाही. पुढची दोन मिनिटं मुलं तो चालवतात. मोठ्या मुलांच्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’मध्येही आघाड्यांची हीच रीत, फक्त आघाडी तिघांची आणि मैदानात एकदम सहा रोबो.

फेऱ्या संपल्या की खरा प्रसंग येतो. वरच्या क्रमांकांच्या संघांचे कप्तान पुढे येतात आणि बाद फेरीसाठी आपले जोडीदार स्वतः निवडतात. माइक हातात, शेकडो माणसं समोर आणि एक नाव घ्यायचं. ज्या कप्तानाच्या हातात काही नसतं तो चकचकीत रोबोचं नाव घेतो, नाहीतर ओळखीच्या संघाचं, नाहीतर गुणतक्त्यात आपल्या खालोखाल जो असेल त्याचं. आणि गुणतक्ता इथे फसवतो. पाच-सहा फेऱ्यांत ज्याला चांगले जोडीदार मिळाले तो वर चढतो. ज्याचा जोडीदार दर वेळी मैदानात बंद पडला तो खाली जातो. दहाव्या क्रमांकावरचा रोबो तिसऱ्या क्रमांकावरच्या रोबोपेक्षा सरस असू शकतो. हे फलकावर दिसत नाही. ज्याने प्रत्येक सामन्यात प्रत्येक रोबोकडे स्वतंत्र पाहिलं, त्यालाच दिसतं. आणि ते दिवसभर आठवणीत ठेवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून हा कागद.

स्वभावाने तो मितभाषी आहे. जन्मतः तसा नसतो. कुठल्याही संघाचा पहिला तक्ता घ्या, त्यावर तीसचाळीस प्रश्न असतात. चाकं कोणती, मोटारी किती, चालक कसा, वेग कसा, बचाव कसा, एकूण छाप काय. प्रत्येकाला एक ते दहा गुण द्या. तयार करणाऱ्याला वाटतं, जितकं जास्त विचारू तितकं जास्त कळेल. अडीच मिनिटांच्या सामन्यात मूल कागदाकडे बघत बसतं आणि मैदानात काय झालं ते हुकतं. शिवाय ‘चालक कसा?’ या प्रश्नाला एक मुलगा सात देतो, शेजारचा चार देतो, आणि दोघेही आपल्या जागी प्रामाणिक असतात. संध्याकाळी त्या सात-चारचं काय करायचं हे कुणालाच सांगता येत नाही. असा तक्ता दुसऱ्या दिवशी कुणी हातात धरत नाही.

शहाणा तक्ता डोळ्यांना दिसतं आणि बोटांनी मोजता येतं तेवढंच विचारतो. २०२२-२३च्या हंगामातला खेळ घेऊ. मैदानात वेगवेगळ्या उंचीचे खांब होते आणि रोबोने त्यांवर प्लास्टिकचे शंकू नेऊन ठेवायचे होते. जमिनीलगतच्या जागेला २ गुण, बुटक्या खांबाला ३, मधल्याला ४, उंचाला ५. इथे तक्त्याला फक्त चार ओळी लागतात: जमीन, बुटका, मधला, उंच. शंकू बसला की एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. गुण किती झाले हे लिहायचंच नाही. गुणाकार घरी जाऊन कुणीही करेल, सामना चालू असताना डोकं त्यात कशाला गुंतवायचं? सोबत आणखी एक ओळ, ठेवायला गेला आणि पडला अशा शंकूंसाठी. पहिल्या तीस सेकंदांत रोबो स्वतःहून काही करू शकला का, यासाठी एक चौकट. शेवटी ठरलेल्या जागी जाऊन थांबला का, यासाठी दुसरी. मधेच बंद पडला का, आणि पडला तर साधारण किती वेळ. संपलं. तळाची रिकामी ओळ एखाद्या वेगळ्या गोष्टीसाठी: ‘डावं चाक घसरतं’ एवढं लिहायला पुरेशी, निबंधाला अपुरी.

हे साधेपण कुठून शिकायचं असं कुणी विचारलं तर अमेरिकेचं नाव घ्यायची गरज नाही. ते आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात शिकता येतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे काम सुरू केलं, तेव्हा लहान मुलांच्या न्युमोनियाचं निदान गावातच कसं करायचं हा प्रश्न होता. खूण सोपी आहे: बाळ मिनिटाला किती श्वास घेतं ते मोजायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाला साठ, त्याहून मोठ्या तान्ह्याला पन्नास ही धोक्याची रेषा. पण साठपर्यंत न चुकता मोजणं ज्या सुइणीला जमत नाही, तिच्या हातात घड्याळ आणि फॉर्म देऊन काय उपयोग? त्यांनी श्वासमापक बनवला. एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांखालच्या बाळासाठी, एक त्याहून मोठ्यासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर बाळाला न्युमोनिया आहे. दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

मला हे यंत्र मराठी मातीतल्या रचनेचा एक मोठा नमुना वाटतं. त्याने बघणाऱ्या बाईला कमी लेखलं नाही. तिला जे जमतं ते नेमकं हेरलं, उरलेलं काम मण्यांवर सोपवलं. पुढे त्याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, नोंदी ठेवल्या आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि जगाने दखल घेतली. गॅलरीतल्या तक्त्याच्या हाती कुणाचा जीव नसतो, ही बरोबरी मी करत नाही. पण तक्ता बनवायला बसलेल्या मुलांना मी आधी त्या मण्यांची गोष्ट सांगेन. बघणाऱ्याला काय जमतं यापासून सुरुवात करा, आपल्याला काय जाणून घ्यायचं आहे यापासून नको.

या तक्त्याचे दुसरे नातेवाईक जंगलात राहतात. ताडोब्यात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणं बांधून माणसं बसतात, चांदण्यात पाण्यावर येणारे प्राणी बघतात आणि हातातल्या कागदावर वेळ, प्राणी, संख्या लिहितात. या गणनेची एक अडचण जुनी आहे. चितळांचा एक कळप आठ वाजता या पाणवठ्यावर येतो, दहाला पलीकडच्या पाणवठ्यावर जातो, आणि दोन्ही मचाणांवरचे दोन्ही कागद खरं बोलूनही बेरीज खोटी येते. वनखातं आता या रात्रीला निसर्गानुभव म्हणतं; वाघांचा अंदाज कॅमेरा ट्रॅपवरून आणि वनरक्षकांच्या पायी नोंदींवरून बांधला जातो. त्या नोंदींतही रचना आहे: वनरक्षक आपल्या बीटमध्ये पाच-पाच किलोमीटरच्या वाटा चालतो आणि ठसा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे जसे दिसतील तसे ठरलेल्या फॉर्मवर नोंदवतो. हा वाघ कोणता हे त्याने सांगायचं नसतं. पूर्वी तेच सांगावं लागे. काचेवर पंजाचा ठसा उतरवून घ्यायचा आणि त्यावरून हा नर, ही मादी, हा कालचाच, असं ओळखायचं. माती ओली असली की ठसा पसरतो, वाळूत वेगळा दिसतो, आणि निर्णय शेवटी बघणाऱ्याच्या मतावर येतो. २००५मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि ती पद्धत मागे पडली. त्याआधी कागदावर तिथे वाघ होते.

रोबोंच्या मैदानात यातून दोन नियम निघतात. एका मुलाने एकाच रोबोकडे बघायचं. चार रोबो असतील तर चार मुलं, सहा असतील तर सहा. शेजारच्या खांबावर कितीही नाट्य घडलं तरी नजर हलवायची नाही. म्हणजे एकच शंकू दोघांच्या तक्त्यांवर चढत नाही. आणि दुसरा, काय झालं ते लिहायचं, काय असावं ते नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आमच्या बोलीत हा नियम फार चांगला सांगता येतो: “तुले काय वाटलं थे नको लिहू, बेटा. तुले काय दिसलं थे लिही.”

तक्ता भरणाऱ्या मुलाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण त्याच्याशिवाय तक्ता मुका आहे. संघात रोबो चालवणारे दोघे, बांधणारे चार, प्रोग्रॅम लिहिणारे दोन. उरलेल्यांना गॅलरीत पाठवतात. हे काम उरलेल्यांचं असं संघात मानलं गेलं की तक्ता पहिल्याच दिवशी मेला. ते मूल दुपारपर्यंत कंटाळतं, चौथ्या सामन्यात मोबाइल बघतं, सहाव्यात अंदाजाने रेघा मारतं, आणि कुणाला पत्ता लागत नाही. दर काही सामन्यांनी मुलं बदलायला हवीत, चालकालाही एकदा तरी वर बसवायला हवं, आणि कप्तानाने दिवसातून एकदा गॅलरीत येऊन तक्त्यांवरून नजर फिरवून दोन प्रश्न विचारायला हवेत. आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतं हे कळलं की मूल वेगळ्या नजरेने बघू लागतं. संघातली सगळ्यात अबोल मुलगी पुष्कळदा सगळ्यात उत्तम निरीक्षक निघते. तिला दिवसभर कुणी काही विचारत नाही, त्यामुळे ती पाहत असते.

तक्त्याचा एक हट्ट आहे आणि तो मला सगळ्यात आवडतो. शून्य आणि रिकामी चौकट यांत तो फरक करतो. उंच खांबावर एकही शंकू बसला नाही, तर शून्य लिहायचं. बघायचं राहिलं, समोर पंच उभे होते, लक्ष गेलं नाही, तर चौकट रिकामी सोडायची. मुलांना रिकामी चौकट लाजिरवाणी वाटते, म्हणून ती शून्य ठोकून देतात, आणि संध्याकाळी त्या बिचाऱ्या रोबोची सरासरी ढासळते. ‘नाही झालं’ आणि ‘नाही दिसलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारा वर्षांच्या मुलाला हा फरक एकदा कळला की पुढे आयुष्यभर कुठलाही अहवाल, कुठलीही आकडेवारी वाचताना तो त्याच्या उपयोगी पडतो. शाळेत संख्याशास्त्राचा धडा येतो, पण तिथे आकडे तयार मिळतात. आकडा जन्माला येताना बघण्याची संधी इथे आहे.

दुसरी परीक्षा याहून कठीण. ‘सर, आपलाच रोबो पडला. लिहू का?’ हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या सामन्यानंतर येतोच. लिहायचं. आपल्या रोबोचा तक्ताही इतरांसारखाच, त्याच पेन्सिलीने, तेवढ्याच निष्ठेने भरायचा. आठवडेच्या आठवडे जागून बनवलेला हात तिसऱ्या शंकूला निसटतो हे आपल्याच मैत्रिणीने आपल्याच कागदावर रेघ मारून नोंदवलेलं असतं. वाईट वाटतं. पण अशाच पाच कागदांवरून कळतं की हात नेहमी डाव्या बाजूने जातानाच निसटतो, आणि दुपारच्या सुटीत एक स्क्रू घट्ट केला जातो. हे काम कौतुक करणाऱ्या शंभर जणांकडून होत नाही.

तक्ता खरं बोलतो की नाही हे तपासायची सोयही खेळातच आहे. आघाडीतल्या दोन रोबोंच्या तक्त्यांवरचे शंकू मिळवा आणि फलकावर त्या आघाडीच्या नावावर लागलेल्या शंकूंशी ताडून पहा. एकदोनचा फरक चालतो. सात शंकूंचा फरक आला तर कुणाचं तरी लक्ष उडालं होतं. ही पडताळणी त्याच सामन्यानंतर, आठवण ताजी असताना व्हायला हवी. रात्री होत नाही.

संध्याकाळी सगळे कागद एकत्र येतात. सतरंजीवर, हॉटेलच्या खोलीत किंवा परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर, संघ क्रमांकाप्रमाणे गठ्ठे लावले जातात. इथे नवशिके एकच चूक करतात: सरासरी काढून मोकळे होतात. एका रोबोने चार सामन्यांत ८, ८, ८, ७ असे शंकू लावले. दुसऱ्याने १५, ०, १४, १. सरासरी जवळपास सारखी, पावणेआठ आणि साडेसात. पण हे दोन अगदी वेगळे जोडीदार आहेत. पहिला भरवशाचा. दुसरा चालला तर मैदान मारतो, नाहीतर मधेच उभा राहतो. तुम्ही स्वतः बळकट असाल तर पहिला घ्या. समोरची आघाडी तुमच्यापेक्षा फारच जोरात असेल, आणि शहाण्यासारखं खेळून हरणारच असाल, तर दुसऱ्याचा विचार करावा. तक्ता हे ठरवत नाही. तो आकडे समोर ठेवतो आणि गप्प बसतो. वाद मुलांनी घालायचा. आपला रोबो उंच खांबाला पोचत नसेल तर पोचणारा जोडीदार हवा, मग त्याची बेरीज थोडी कमी असली तरी. दोन उंचवाले एकत्र आले तर एकमेकांच्याच वाटेत येतील. असा वाद ज्या संघात रंगतो त्या संघाला खेळ समजलेला असतो.

या तक्त्याला श्रीमंत चुलतभाऊ आहेत. टॅबलेटवर बोट लावून भरायचे ॲप, त्यातून क्यूआर कोड, तो स्कॅन केला की आकडे थेट संगणकावर. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांत रोबोंच्या वायरलेसला अडथळा नको म्हणून संघांना स्वतःचं वायफाय चालवायची बंदी असते, त्यामुळे हे क्यूआरचं कौशल्य तिथे वाढलं. आणखी एक चुलतभाऊ फक्त गणित करतो. आघाडीचे गुण म्हणजे तिच्यातल्या रोबोंच्या वाट्याची बेरीज, असं धरून प्रत्येक सामन्याचं एक समीकरण मांडायचं आणि सगळी एकदम सोडवून प्रत्येक रोबोचा वाटा काढायचा. गॅलरीत कुणी बसलं नाही तरी चालतं. युक्ती सुंदर आहे, अकरावी-बारावीच्या मुलांनी ती जरूर करून पाहावी. पण पाच-सहाच सामने झाले असतील तर उत्तर डळमळीत येतं, आणि रोबो का थांबला, हात कुठे अडकला, हे त्या समीकरणाला कधीच कळत नाही. चाक घसरल्याचं फक्त मांडीवरच्या कागदाला ठाऊक असतं. गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडकडच्या शाळेने आधी ॲप शोधत बसू नये असं माझं ठाम मत आहे. कागदाला चार्जिंग लागत नाही, नेटवर्क लागत नाही. कागदावर प्रश्न पक्के झाले की ॲप बनवायला काही दिवस पुरतात. प्रश्नच कच्चे असतील तर ॲप तो कच्चेपणा फक्त वेगाने गोळा करतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. रोबोटिक्स हा महागडा खेळ आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी केंद्र सरकार एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत मदत देतं, आणि ती मिळालेल्या शाळेलाही चांगल्या मोटारी, सेन्सर, प्रवास, प्रवेशशुल्क यांची ओढाताण असतेच. महाराष्ट्रात या खेळाची परंपरा आहे. महाविद्यालयांच्या रोबोकॉनची राष्ट्रीय फेरी अनेक वर्षं पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरली. २००८ची आशिया-पॅसिफिक रोबोकॉन पुण्यात झाली तेव्हा विषय होता गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी, आणि २०२२मध्ये दिल्लीत रोबोंनी लगोरी खेळली. खेळ आपले, मैदान आपलं. तरीही चंद्रपूरच्या, गडचिरोलीच्या मुलाला पुण्या-मुंबईच्या संघाचा रोबो पाहून दडपण येतं आणि त्यात त्याचा दोष नाही. त्या रोबोवर झालेला खर्च त्याच्या शाळेला झेपणारा नसतो. पण मैदानाबाहेरच्या या एका जागी सगळे संघ सारखे आहेत. कागद सगळ्यांचा तोच, पेन्सिल तीच, अडीच मिनिटं तेवढीच. इथे पैशाने काही विकत घेता येत नाही. नजर, शिस्त आणि खरं लिहायची सवय हवी, आणि वाटेवरचा ठसा ताजा की शिळा हे ज्यांच्या घरी ओळखतात, ती मुलं नजरेत मागे नाहीत.

उत्तम तक्ता असलेल्या लहान संघाला मान मिळतो, हे या स्पर्धांतलं आणखी एक चांगलं सत्य. एमआयटीचे प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांनी या खेळाला एक रीत लावून दिली: जीव तोडून खेळा, पण समोरच्याला माणूस म्हणून वागवा. त्या रीतीमुळे संघ एकमेकांना पाना देतात, बॅटरी देतात, आणि कधी आपले स्काउटिंगचे आकडेही देतात. ज्या संघाचा रोबो साधा पण आकडे पक्के, त्याच्याकडे वरच्या क्रमांकाचे कप्तान स्वतः येऊन विचारतात, ‘तुमच्या कागदावर अमुक संघाचं काय आहे?’ म्हणून तळाच्या ओळीत कुणाबद्दल टिंगल लिहायची नाही. तो कागद उद्या त्याच संघाच्या हातात जाऊ शकतो.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. यासाठी रोबो येण्याची वाट पाहू नका. तुमच्या शाळेत कबड्डी आहेच. चढाई तीस सेकंदांची असते, रोबो स्वतःहून चालतो तेवढ्याच वेळाची. प्रत्येक चढाईपटूसाठी एक कागद करा: चढाया किती, गडी बाद किती, रिकाम्या हाताने परत किती, पकड झाली किती. त्याच एका खेळाडूकडे बघायला तीन मुलं बसवा, एकमेकांचं न बघता लिहायला सांगा. सामना संपला की तिन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे तिघांचे आकडे जुळत नाहीत तिथे मुलांना रागावू नका, तो प्रश्न बदला. पुन्हा सामना, पुन्हा तीन कागद. तिन्ही जुळू लागले की तुमचा तक्ता तयार झाला. मग तो कुठल्याही मैदानावर न्या.